ग्रुप बंद करू नका, वहिनी

नमस्कार,

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. आमच्या बोळात साठेक घरं आहेत. निम्मी पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारी. बाकी आम्ही मराठी, थोडी कानडी, चार-पाच मुस्लिम घरं. बऱ्याच ठिकाणी खाली यंत्रमागाचा कारखाना आणि वर राहणं. बायका विड्या वळतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत बोळातून दोन गाड्या चोरीला गेल्या. त्यातली एक माझ्या धाकट्या दिराची होती, तिचे हप्ते अजून चालू आहेत. तेव्हा सगळ्यांनी मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर 'सावध शेजारी' नावाचा ग्रुप काढला. बचत गटाचे हिशेब मी नीट ठेवते म्हणून अ‍ॅडमिन मला केलं.

सुरुवातीला चांगलं चाललं. विजेची डीपी जळाली, गॅसचा वास आला, कुणाच्या न्हाणीत साप निघाला की लगेच कळायचं. आता एकशे चाळीस नंबर झालेत, त्यातले कितीतरी कुणाचे आहेत हेच मला माहीत नाही. सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी 'मुलं पळवणारी टोळी आली', रात्री कुठल्या तरी गावाची सीसीटीव्ही क्लिप.

गेल्या महिन्यात दिरानं भगव्या कपड्यातल्या एका माणसाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'ह्यो सकाळपास्नं घरं बघत फिरायलाय. ध्यान ठेवा.' अर्ध्या तासात पंधरा-वीस पोरांनी त्याला चौकात घेरलं. झोळी उलटी केली, एकानं कानफटात मारली. समोरच्या अक्का धावत आल्या म्हणून वाचला. तो दरवर्षी भिक्षेला येणारा डवरी गोसावी, अक्का त्याला ओळखतात. तो गेला, पण फोटो गेला नाही. परवा माझ्या माहेरच्या ग्रुपवर, अक्कलकोटला, तोच फोटो 'टोळीतला एक सापडला' म्हणून आला.

दिराला मी काही बोलले नाही. 'माझी गाडी गेली तेव्हा कोण आलं होतं?' असं तो म्हणेल. हे म्हणतात, ग्रुप सोडून दे, उद्या केस झाली तर अ‍ॅडमिनला धरतात. अक्का म्हणतात, ग्रुप ठेव. मी काय करू? त्या माणसाचं काय करू? आणि दिराला कसं सांगू?

— एक अ‍ॅडमिन वहिनी, सोलापूर

वहिनी,

ग्रुप बंद करू नका आणि तुम्हीही सोडू नका. एकुलता अ‍ॅडमिन बाहेर पडला की व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांपैकी कुणाला तरी आपोआप अ‍ॅडमिन करून टाकतं. तो कोण निघेल हे तुमच्या हातात नाही. झोळी उलटी करणाऱ्यांपैकीच एखादा निघाला तर?

आधी तुमच्या यजमानांची धास्ती घालवू. 'काही झालं की अ‍ॅडमिनला धरतात' हेसुद्धा बऱ्याच जणांनी फॉरवर्डमध्येच वाचलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलंय, की दुसऱ्या सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, निव्वळ ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे एवढ्यावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. घाबरायचं असेल तर टाकणाऱ्यानं घाबरावं. लोकांत घबराट माजून शांतता बिघडेल अशी खोटी बातमी किंवा अफवा पसरवली, तर भारतीय न्याय संहितेच्या 353 कलमाखाली तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. तुम्ही एवढंच करा: वावगं दिसलं की काढा. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, त्यासाठी टाकणाऱ्याची परवानगी लागत नाही. 'आता काढलं तर वाईट दिसेल' असं वाटून थांबू नका. दिसू दे वाईट.

आता त्या गोसाव्याकडे येऊ. तुम्ही त्याच्याबद्दल एका ओळीत विचारलंत, पण तुम्हाला झोप येत नसेल तर ती त्याच्यामुळेच येत नसणार.

1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा त्या भागात मोबाइलवरून आधीपासून चालू होत्या. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी त्या गावात होते. जमावानं त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं मारलं. पाचही जण गेले. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. पुढे 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. त्या महिन्यांत देशभर अशा इतक्या घटना घडल्या, की व्हॉट्सअ‍ॅपला भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा त्याच जुलैत घालावी लागली.

आपल्या जिल्ह्यातली माणसं परजिल्ह्यात अफवेनं मेली, तेव्हा सगळ्या सोलापूरला राग आला होता. आता आपल्याच बोळातली पोरं त्याच समाजाच्या माणसावर धावून गेली. तुमच्या चौकातली कानफटात आणि राईनपाडा यांच्यात अंतर फक्त अक्कांच्या पायांच्या वेगाचं होतं. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. बोळातल्या त्या पंधरा-वीस पोरांना हे माहीत नसण्याची शक्यता खूप आहे; 2018 मध्ये त्यातली बरीचशी शाळेत असतील. त्यांना ही हकिकत सांगा. समोर बसवून, तोंडानं सांगा. तिचाही फॉरवर्ड करू नका.

त्यातून नियम एकच निघतो आणि त्यात घासाघीस नाही: अनोळखी माणसाचा फोटो ग्रुपवर येणार नाही. संशय आला तर जरूर फोटो काढा, पण दाखवा तो पोलिसांना. 112 लावा, माणूस कुठं आहे, काय करतोय ते सांगा, जवळची गाडी येते. तोवर त्याला अडवायचं नाही, झोळी तपासायची नाही. सामान्य माणसालाही कुणाला पकडण्याचा अधिकार कायद्यानं दिलाय, पण तो डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडत असेल तेव्हाचा, आणि तेव्हाही पकडलेल्याला विनाकारण वेळ न घालवता पोलिसांच्या हवाली करावं लागतं. 'घरं बघत फिरणं' हा काही गुन्हा नाही. चादरवाला, भंगारवाला, कुरिअरचा पोरगा, जनगणनेचे मास्तर, सगळे घरं बघतच फिरतात.

या नियमाला अपवाद एकच ठेवा, हरवलेल्या मुलाचा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत पोर हातातून सुटलं, तर आईबापांनी स्वतः दिलेला फोटो, कुठं आणि किती वाजता सुटलं ते, अंगावरचे कपडे आणि पोलीस ठाण्याचं नाव एवढं घालून जरूर टाका. पोर सापडलं की त्याच क्षणी 'सापडलं' असा मेसेज टाकायचा आणि फोटो काढायचा. नाहीतर तेच पोर पुढची पाच वर्षं 'हरवलेलं' म्हणून लातूरपासून बेळगावपर्यंत फिरत राहतं आणि आईला अनोळखी लोकांचे फोन येत राहतात.

अक्कलकोटला पोचलेल्या फोटोचं काय? तो परत गोळा होणार नाही, पण बराचसा थोपवता येतो. आपल्या ग्रुपवरून काढा आणि तिथंच तुमच्या नावानं लिहा: 'अमुक तारखेला टाकलेल्या फोटोतला माणूस भिक्षेला येणारा गोसावी आहे, त्यानं काही केलेलं नाही, अक्का त्याला ओळखतात. ज्यांनी फोटो पुढे पाठवला त्यांनी जिथं पाठवला तिथं हे सांगा आणि फोनमधूनही काढा.' मग फोन लावायला बसा. ज्या ग्रुपवरून माहेरी आला, त्या ग्रुपच्या माणसाला विचारा, त्याला कुठून आला. दोन-तीन कड्या मागं गेलात तरी पुष्कळ झालं. मेसेजपेक्षा फोन बरा, कारण फोनवर माणसाला लाज वाटते. आणि एक करू नका: 'या माणसाला शोधून द्या, माफी मागायची आहे' म्हणून फोटो पुन्हा टाकू नका. चांगल्या मनानं टाकलेला फोटोही तासाभरात मजकूर गमावतो आणि उघडा फोटो तेवढा उरतो. त्याचं गाव अक्कांना माहीत असेल. निरोप अक्कांच्या ओळखीतून जाऊ द्या. त्याच्या फोटोवर आता 'टोळी' असं लिहिलं गेलंय, हे त्याला कळलंच पाहिजे. पुढच्या गावी जाताना त्यानं आधी पोलीस ठाण्यात नाव नोंदवून ठेवलेलं बरं. त्याला तक्रार करायची असेल, तर तुमच्या घरातून कुणी अडवू नये, हेही आत्ताच ठरवून ठेवा. जड जाईल, तरी.

आता ग्रुप सुधारायचं बघू.

तुमच्या बोळाला धोका कशाचा आहे, हे एकदा खरोखर मांडून बघा. चोर वर्षातून एकदा येतो. डीपी उन्हाळ्यात आठवड्याला ठिणग्या टाकते. खाली कारखाना, सुताचे ढीग, कोपऱ्याकोपऱ्यात साठलेला कापसाचा भुरा, आणि वर झोपलेलं कुटुंब, हा तुमच्या बोळातला सगळ्यात मोठा धोका. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालकाचं कुटुंब तिथंच राहत होतं. ही गोष्ट तुमच्या बोळात मला सांगावी लागू नये. तुमचा ग्रुप मुख्यतः यासाठी आहे. मुलं पळवणाऱ्या टोळीपायी त्याचं हे काम मागं पडलंय.

रात्री तीनला आग लागली आणि कुणी 'आग आग लवकर या' असं टाकलं, समजा. किती जणांना कळेल? दिवसाला शंभर मेसेज येणारा ग्रुप निम्म्या बोळानं म्यूट करून ठेवलेला असतो. ज्यांनी केला नाही ते विचारतात 'कुठं?', मग 'कुणाकडं?', मग हात जोडलेले चार इमोजी. त्याऐवजी असा मेसेज बघा:

'आग. मारुतीच्या देवळाशेजारचा कारखाना, तळमजला. रात्री 3.10. मी स्वतः बघतोय. 101 ला फोन झालाय. बोळाच्या तोंडच्या गाड्या आत्ता काढा, बंब आत यायचाय. वरच्या मजल्यावरच्यांना फोन करून उठवा.'

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य गाड्यांचं आहे. बोळात दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या, बंब तोंडाशी अडकतो आणि मग अर्धा तास हॉर्न वाजत राहतो, हे आपल्या पेठांमधलं नेहमीचं दुखणं. इशारा ऐकणाऱ्याला हातानं करण्यासारखं काहीतरी सांगणारा हवा. नुसतं 'सावध राहा' ऐकून माणूस काय करणार? दार लावून घेणार, नाहीतर काठी घेऊन बाहेर पडणार. दोन्हींचा आगीला उपयोग नाही.

वेळ लिहायलाच हवी. 'आत्ता' हा शब्द मेसेजमध्ये दुसऱ्या दिवशीही 'आत्ता'च राहतो. कारखान्यावरून रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला 'आत्ता गॅसचा वास यायलाय' वाचतो आणि घर डोक्यावर घेतो. आणि 'मी स्वतः बघतोय' हे शब्द सक्तीचे करा. ज्यानं पाहिलं त्यानंच लिहायचं. मेहुण्याच्या मित्रानं पाहिलं असेल तर मेहुण्याच्या मित्राला फोन करायचा. फॉरवर्डला या ग्रुपवर जागाच नाही, अगदी खरा असला तरी. मेसेजवर दोन बाण दिसले, म्हणजे तो कितीतरी हातांतून आलाय. तुमच्या बोळातली बातमी सगळा महाराष्ट्र फिरून तुमच्याकडे कशी येईल?

टोळीवाला तो मेसेज पुन्हा उघडून बघा. मी तुमचा वाचलेला नाही, तरी सांगते त्यात काय असेल. वीस-पंचवीस जणांची टोळी. साधूच्या किंवा फेरीवाल्याच्या वेशात. 'पोलिसांनी सांगितलंय', पण कुठल्या ठाण्यानं ते नाही. तारीख नाही. गाव असेल तर ते आपलं नाही. शेवटी 'जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा'. पोलीस खरोखर काही सांगतात तेव्हा ठाण्याचं नाव आणि फोन नंबर असतो, आणि ते पुढे पाठवा म्हणून गयावया करत नाहीत. बिबट्याच्या फोटोंचंही हेच. आता तर बिबट्या कॉम्प्युटरवर बनवून कुणाच्याही अंगणात उभा करता येतो. खराच दिसला असेल, तर वनखात्याच्या 1926 ला फोन, ग्रुपवर जागा आणि वेळ, बस.

आग विझली, वायरमन येऊन गेला, सापाला सर्पमित्र घेऊन गेला, की ज्यानं इशारा टाकला त्यानंच 'संपलं' असं टाकायचं. हे लोक करत नाहीत. भीती सुरू करायला सगळे असतात, बंद करायला कुणी नसतं. तुमच्या ग्रुपवरच्या निम्म्या अफवा बहुधा कधीकाळी खऱ्या असलेल्या, पण कुणीच न मिटवलेल्या बातम्या असतील.

हे सगळं गुड मॉर्निंगसोबत चालणार नाही. म्हणून ग्रुप दोन करा. सध्याचा ग्रुप गप्पांना ठेवा. गुड मॉर्निंग, वाढदिवस, आणि अर्थात 'पाणी आलं का' हे तिथं. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात ती बातमी कुठल्याही चोरापेक्षा महत्त्वाची, हे मला मान्य आहे. पण तिची जागा गप्पांत. दुसरा ग्रुप फक्त इशाऱ्याचा. तिथं सेटिंगमध्ये मेसेज फक्त अ‍ॅडमिननी टाकावेत असं करा आणि अ‍ॅडमिन पाच-सहा ठेवा. बोळाच्या दोन्ही टोकांचे, एक रात्रपाळीवाला, एक दिवसभर घरी असणारी विडी वळणारी बाई, एक तेलुगू घरातली, एक मुस्लिम घरातला. एकट्या तुम्ही असलात, तर रात्री तीनला तुमचा फोन चार्जिंगला आणि तुम्ही झोपेत. या दुसऱ्या ग्रुपवर आठवडाभर एकही मेसेज आला नाही तर तो बरा चाललाय असं समजा. जो ग्रुप सहसा वाजत नाही, तो वाजला की माणूस उठून बसतो. लोकांना तो म्यूट करू देऊ नका, एकेकाचा फोन हातात घेऊन बघायला लागलं तरी चालेल.

नंबरांची झाडाझडती घ्या. एकशे चाळीसपैकी घर माहीत नसलेला प्रत्येक नंबर नव्या ग्रुपवर घेऊ नका. भाडेकरू सोडून जातात, नंबर राहतो. नंबर बंद पडतो आणि काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्याला देते. आणि अशाच ग्रुपवर लोक लिहितात, 'आम्ही चार दिवस तुळजापूरला, घराकडं लक्ष ठेवा.' चोराला आणखी काय हवं? कुलूप लावून जाताना शेजारच्या दोन घरांना तोंडी सांगायचं, ग्रुपला नाही.

भाषेचं मात्र थोडं निवांत बघा, कारण इथं तुमचा बोळ इतरांपेक्षा वेगळा आहे. तुम्ही मराठीत सुरेख मेसेज लिहाल आणि तो तुमच्या बोळातल्या ज्या म्हातारीला सगळ्यात जास्त गरजेचा आहे, तिला वाचता येणार नाही. बोलताना ती मराठी समजते, लिहिलेलं नाही. तिच्यासाठी व्हॉइस मेसेज. पंधरा सेकंदांचा, आधी तेलुगूत, मग मराठीत. आवाज ओळखीचा हवा आणि सुरुवातीला नाव हवं: 'मी कोपऱ्यावरच्या घरातली अमुक बोलते, संध्याकाळचे सात वाजलेत.' ओळखीच्या आवाजात खोटं बोलणं अवघड असतं; अनोळखी घोगऱ्या आवाजातला 'मित्रांनो, कृपया लक्ष द्या' पुसून टाका. कुणाच्या घरी फक्त साधा बटणांचा फोन असेल, त्यांची यादी करा आणि प्रत्येकाला फोन लावणारा माणूस ठरवा. एका अ‍ॅडमिनला चार घरं. मेसेज टाकून झाला की त्यानं ते चार फोन लावायचे.

गावाकडे यासाठी आणखी एक सोय आहे. राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत, आपल्या सोलापूर ग्रामीणमध्येही, पोलिसांनी ग्रामसुरक्षा यंत्रणा राबवली. एका टोल फ्री नंबरवर फोन करून आपल्या आवाजात निरोप सांगायचा, की नोंदणी केलेल्या सगळ्या गावकऱ्यांना तोच आवाज फोन म्हणून जातो. साध्या फोनवरही. दरोड्याच्या वेळी, पुराच्या वेळी ती कामी येते. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुरानं माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत गावं वेढली गेली, तेव्हा एका फोनवर गाव जागं करता येण्याची किंमत वेगळी सांगायला नको. माहेरच्या माणसांना त्यांच्या पोलीस ठाण्यात विचारायला सांगा. तुमच्या बोळाला सध्या तुमचे पाच-सहा अ‍ॅडमिन पुरतील. हवामानाच्या आणि पुराच्या सरकारी इशाऱ्यांसाठी 'सचेत' हे अ‍ॅप एका-दोघांच्या फोनवर असू द्या, प्रत्येकानं घ्यायची गरज नाही.

उरले दीर.

त्यांना ग्रुपवर काही बोलू नका, आणि सासूबाईंसमोरही नको. तुम्ही म्हणता ते म्हणतील, 'माझी गाडी गेली तेव्हा कोण आलं होतं?' खरंच, कोण आलं होतं? तक्रार दिल्यानंतर तपास कुठवर आला, हे विचारायला त्यांच्याबरोबर घरातलं कुणी गेलं होतं का? हप्ता दर महिन्याला जातो, गाडी नाही. तो माणूस बोळात उभा राहून प्रत्येक अनोळखी चेहऱ्यात आपला चोर शोधणारच. म्हणून आधी यजमानांना त्यांच्याबरोबर एकदा पोलीस ठाण्यात पाठवा. तुमचा भाग बघणाऱ्या पोलिसाला, म्हणजे बीट अंमलदाराला भेटा, तपासाचं विचारा, आणि त्यांचा नंबर घ्या. तो नंबर पुढेही लागेल.

त्यानंतर बोला. असं काहीतरी: 'भाऊजी, तुमची गाडी गेली ते मी विसरले नाही. पण त्या दिवशी अक्का आल्या नसत्या तर आज आपल्या दारात पोलीस आले असते, आणि फोटो तुमच्या नंबरवरनं गेलेला आहे. तो माणूस चोर नव्हता हे तुम्हाला पण माहितेय.' एवढंच. 'तुमच्यामुळं' हा शब्द टाळा. ते गप्प बसले तर बसू द्या, भांडले तरी मुद्दा सोडू नका, पण ताणू नका. दुसऱ्या दिवशी नव्या ग्रुपचं एक काम त्यांना द्या: संशयाची प्रत्येक गोष्ट आधी त्यांच्याकडं यायची, त्यांनी स्वतः जाऊन बघायची, आणि गरज वाटली तर 112 ला किंवा बीट अंमलदाराला त्यांनीच फोन करायचा. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या पोराला मग तेच अडवतील. तुम्ही अडवलंत तर पोरं म्हणतील वहिनी घाबरट आहे. गाडी गेलेला माणूस अडवतो तेव्हा कुणी काही बोलत नाही. त्यांनी ऐकलंच नाही आणि पुन्हा कुणाचा फोटो टाकला, तर काढा आणि त्यांना नव्या ग्रुपवरून कमी करा. दीर आहेत म्हणून सूट दिलीत, तर बोळातला दुसरा कुणी नियम पाळणार नाही. घरात आठवडाभर अबोला राहील. तो सोसावा लागेल.

ता. क. अक्कांकडे साधा फोन असावा असं पत्रावरून वाटलं. 2017 पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनांवर 5 किंवा 9 चा आकडा दाबून धरला की मदतीचा फोन लागावा, असा नियम आहे. त्यांचा फोन जुना असेल तर लागणार नाही, तेव्हा 112 हा आकडा स्पीड डायलला लावून द्या आणि महावितरणचा 1912 त्याखाली. डीपीच्या तक्रारीला तो लागतोच.